जो रोज ऐकू येतो, तोच शेजारी

भामरागडचा संपर्क तुटला, ही बातमी चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसाला नवी नाही. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या इथे जवळ येतात. तिन्ही एकदम भरल्या की पाणी जुन्या ठेंगण्या पुलावर चढते आणि आलापल्लीकडे जाणारा रस्ता बंद होतो. असे एका पावसाळ्यात अनेकदा घडलेले आहे. जुलै २०२२ मध्ये प्राणहिता आणि गोदावरी फुगल्या, तेव्हा सिरोंचा तालुक्यातल्या अनेक गावांतून माणसे हलवावी लागली.

रस्ता बंद झाला तरी माणूस चार दिवस धीर धरतो. घरात तांदूळ असतो, सरपण असते. खरी अडचण निरोपाची. वीज गेली की मोबाइलच्या मनोऱ्याची बॅटरी काही तासांत संपते. जनित्राला डिझेल हवे, तर ते आणणारी गाडी नदीच्या पलीकडे उभी. जमिनीतली केबल रस्त्याच्या कडेने जाते, म्हणजे रस्ता खचला की तीही तुटते. अशा वेळी अडलेली बाळंतीण खाटेवर घालून नाल्यापर्यंत आणायची की नाही, पलीकडे गाडी येऊन थांबली आहे की नाही, एवढे एक वाक्य कळले तरी पुष्कळ होते. ते वाक्य कोणी कोणाला कसे कळवायचे?

याचे एक जुने उत्तर आहे आणि ते अजून कामाचे आहे. त्याला 'पॅकेट रेडिओ' म्हणतात. हौशी रेडिओचालक, म्हणजे ज्यांना आपण 'हॅम' म्हणतो, त्यांनी ते वाढवले. त्याची यंत्रे कोणालाही विकत घेता येतात. पण ती चालतात ती शेजाऱ्याच्या जोरावर, आणि हा शेजारी कसा निवडायचा हेच आज मुख्यतः सांगायचे आहे.

बेटांवरून आलेली युक्ती

ही युक्ती हवाई बेटांवर जन्माला आली. तिथल्या विद्यापीठाची महाविद्यालये वेगवेगळ्या बेटांवर होती आणि संगणक एकाच बेटावर. प्राध्यापक नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये संगणकांना रेडिओवरून बोलायला लावले. या जाळ्याचे नाव 'अलोहा'. सगळ्यांनी एकच लहर वापरायची. निरोपाचे छोटे तुकडे करायचे आणि तुकडा पाठवून द्यायचा. दोघांचे तुकडे एकमेकांवर आदळले तर दोघांनाही पावती मिळणार नाही. मग प्रत्येकाने थोडा वेळ थांबायचे, पण तो वेळ प्रत्येकाचा वेगळा, आणि पुन्हा पाठवायचे.

हौशी रेडिओत पहिला प्रयोग ३१ मे १९७८ रोजी कॅनडात माँट्रियलला झाला. पुढे अमेरिकेत टूसान गावच्या हौशी मंडळींनी १९८२ मध्ये संस्था काढून घरी जोडता येईल असा पॅकेटचा डबा तयार केला आणि ही विद्या जगभर गेली. बेटांसाठी शोधलेली गोष्ट जंगलात कशाला, असे कोणी विचारील. पावसाळ्यात भामरागड, एटापल्ली, सिरोंचा भागातली कित्येक गावे बेटेच होतात. भोवती समुद्राऐवजी नाले असतात, एवढाच फरक.

निरोप जातो कसा

यासाठी चार वस्तू लागतात. एक रेडिओ संच, एक अँटेना, एक बॅटरी आणि रेडिओ व संगणक यांच्यामध्ये बसणारा दुभाषा. हा दुभाषा पूर्वी वेगळ्या डब्यात असे. आता 'डायरवुल्फ' नावाचा मोफत प्रोग्रॅम पत्त्यांच्या जोडाएवढ्या लहान संगणकावरही तेच काम करतो.

आपण अक्षर टाइप केले की संगणकाच्या दृष्टीने ते शून्य आणि एक असते. दुभाषा त्याचे दोन सूर करतो, एक १२०० हर्ट्झचा आणि दुसरा २२०० हर्ट्झचा. रेडिओच्या दृष्टीने ही एक शिट्टीच. ऐकणाऱ्याला खर्रर्र असा आवाज येतो. पलीकडचा दुभाषा त्या आवाजाची पुन्हा अक्षरे करतो. वेग सेकंदाला १२०० बिट. आजच्या मोबाइलपुढे ही बैलगाडी आहे. पण बैलगाडी चिखलातून जाते.

प्रत्येक तुकडा, म्हणजे पॅकेट, हे एक पाकीटच समजा. वर पाठवणाऱ्याचे व घेणाऱ्याचे परवाना-चिन्ह, आत जास्तीत जास्त २५६ बाइट मजकूर आणि शेवटी तपासणीचा आकडा. पोचलेल्या मजकुरावरून हा आकडा पुन्हा काढला जातो. तो जुळला तरच पाकीट स्वीकारायचे आणि पावती द्यायची. एक अक्षर जरी बिघडले तरी पाकीट टाकून दिले जाते आणि पावती न मिळाल्यामुळे पाठवणारा ते पुन्हा पाठवतो. तोंडी निरोपात 'पंधरा'चे 'पन्नास' होऊ शकते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. औषधाची मात्रा किंवा रक्तगट सांगताना हा फरक केवढा पडतो, हे सांगायला नको.

भरलेले पाकीट हवेतून जायला दोन सेकंदांच्या आसपास लागतात. पण मराठीत लिहिणाऱ्याने एक हिशेब ध्यानात ठेवावा. संगणकाच्या आजच्या रूढ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, अनुस्वार यांची वेगळी मोजणी होते. 'भामरागड' हा शब्द देवनागरीत २१ बाइटचा होतो, रोमन लिपीत नऊचा. म्हणजे एका पाकिटात मराठीची जेमतेम ८५ चिन्हे मावतात. मोबाइलच्या लघुसंदेशात मराठी लिहिताना जागा लवकर का संपते, त्याचे कारण याच जातीचे. म्हणून तारेसारखे लिहावे. 'नाल्यापलीकडे गाडी उभी, चार वाजेपर्यंत या' एवढे पुरे.

दवंडी आणि हरकारा

रेडिओच्या या लहरी, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या, साधारण नजरेच्या रेषेत जातात. जमिनीच्या गोलाईमुळे त्यांना हद्द पडते. अँटेना दहा मीटर उंच असेल तर मोकळ्या सपाटीवर तिचे क्षितिज सुमारे १३ किलोमीटरवर असते. दोन्हीकडे दहा-दहा मीटर असले तर २६ किलोमीटर. एक अँटेना शंभर मीटर उंच टेकडीवर गेली तर तिचे एकटीचेच क्षितिज ४१ किलोमीटर होते. आलापल्लीहून भामरागड रस्त्याने साठ किलोमीटरहून थोडे अधिक, मध्ये पेरमिली आणि ताडगाव. म्हणजे निरोप एका उडीत जाणार नाही, टप्प्याटप्प्याने न्यावा लागेल.

टप्पे दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार दवंडीसारखा. मधल्या संचाने पाकीट ऐकायचे आणि जसेच्या तसे पुन्हा ओरडायचे, पुढे कोणी ऐकले की नाही याची चौकशी करायची नाही. हे सोपे आहे, पण त्याचा हिशेब पाहा. प्रत्येक टप्प्यावर शंभरांपैकी नव्वद पाकिटे नीट जातात असे धरू. चार टप्प्यांनंतर शंभरातली ६६ पोचतात. पावतीलाही त्याच वाटेने परत यायचे असते. ती शंभरातल्या ४३ पाकिटांचीच परत येते. उरलेल्या ५७ वेळा अगदी पहिल्या घरापासून पुन्हा सुरुवात. प्रत्येक टप्पा नव्वद टक्के चांगला असूनही सगळी वाट निम्म्याहून अधिक वेळा फसते.

दुसरा प्रकार हरकाऱ्याचा. जुन्या टपालात हरकारा आपल्या टप्प्यापर्यंत पळे, थैली पुढच्याच्या हातात देई आणि मागे फिरे. पुढचे पुढचा पाही. पॅकेट रेडिओत असा टप्पा सांभाळणाऱ्या स्थानकाला 'नोड' म्हणतात. तो मागच्याला लगेच पावती देतो आणि पुढच्याकडून पावती मिळेपर्यंत पाकीट आपल्याजवळ धरून ठेवतो. चुकलेले पाकीट त्या एकाच टप्प्यावर पुन्हा जाते. १९८७ च्या सुमारास अमेरिकेत 'नेट-रोम' नावाचा प्रोग्रॅम आला आणि साध्या डब्यांचे असे नोड झाले. जंगलातल्या लांब वाटेसाठी नोडच हवेत. त्यांच्या जोडीला एखाद्या ठिकाणी टपालपेटी ठेवावी. ज्याच्यासाठी निरोप आहे तो त्या वेळी यंत्रापाशी नसला तरी निरोप पेटीत पडून राहतो आणि तो आला की मिळतो.

शेजार कसा ठरतो

आता मुख्य मुद्दा. नोडला वाट कोण सांगतो? शेजारी सांगतात. प्रत्येक नोड ठरावीक वेळाने जाहीर करतो, 'मी अमुक, आणि माझ्याकडून अमुक-अमुक ठिकाणी जाता येते.' शेजारचा नोड ते ऐकतो, आपल्या यादीत लिहितो आणि आपल्या पुढच्या शेजाऱ्याला सांगतो. काही वेळातच चंद्रपूरच्या नोडला भामरागडची वाट कळते, जरी त्याने भामरागड कधी ऐकलेले नसले तरी. कुठेही मुख्य कचेरी नाही. एक नोड बंद पडला आणि दुसरी वाट असली तर निरोप तिकडून वळतो.

प्रत्येक वाटेला गुण दिलेले असतात. २५६ पैकी १९२ हा नेहमीचा आकडा, म्हणजे बारा आणे. दर टप्प्याला गुण पाऊणपट होतात. १९२ चे १४४, मग १०८, मग ८१. नोड जास्त गुणांची वाट धरतो. म्हणजे त्याचा कल कमी टप्प्यांकडे, लांब उडीकडे असतो. फसगत इथेच होते.

हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगत थंड हवा बसते आणि तिच्यावर उबदार थर असतो. अशा वेळी या लहरी वाकून कितीतरी लांब जातात. समजा, एका पहाटे आलापल्लीच्या नोडला थेट वर्ध्याचा नोड ऐकू आला. त्याने इमानदारीने यादीत लिहिले, 'वर्धा माझा शेजारी, एक टप्पा, गुण १९२.' त्याने ते पुढेही सांगितले. ऊन वर आले, हवेचा थर मोडला, वर्धा ऐकू येईनासे झाले. पण यादीतले नाव लगेच जात नाही. बरेच तास लागतात. तोपर्यंत सगळे निरोप त्या नसलेल्या वाटेवर जात राहतात आणि आलापल्लीत अडकून पडतात. शेजारच्या आष्टी-गोंडपिपरीवरून जाणारी चांगली वाट रिकामी असते, कारण तिचे गुण कमी.

दुसरी फसगत एकतर्फी ऐकण्याची. टेकडीवरचा मोठा संच गावातल्या छोट्या संचाला स्पष्ट ऐकू येतो. गावाच्या पाच वॉटच्या संचाचा आवाज मात्र टेकडीवर पोचत नाही. गावाला वाटते आपल्याला शेजारी आहे. प्रत्यक्षात तो शेजारी बहिरा आहे.

म्हणून नोड चालवणाऱ्यांनी आपसांत बसून शेजारी ठरवावेत आणि ती यादी हाताने पक्की करावी. अधूनमधून ऐकू येणाऱ्या लांबच्या पाहुण्याला यादीत घेऊ नये. कसोटी साधी आहे. शंभर छोटी पाकिटे इकडून तिकडे आणि शंभर तिकडून इकडे पाठवावीत. सकाळी, दुपारी आणि रात्री, आठवडाभर. दोन्ही बाजूंनी रोज नव्वद पोचतात तो शेजारी. लांबच्या एका उडीपेक्षा जवळचे दोन भरवशाचे टप्पे बरे.

सागाची पाने

आपल्या भागात या कसोटीला एक पुरवणी जोडावी लागते. असली कामे बहुधा उन्हाळ्यात होतात. रस्ते कोरडे असतात, मुलांना सुट्टी असते, टेकडी चढता येते. पण त्या वेळी साग उघडा असतो. पाने गळालेल्या जंगलातून लहर आरपार जाते आणि मे महिन्यात सगळे कसे छान जमल्यासारखे वाटते. जून-जुलैत सागाला सुपाएवढी पाने फुटतात आणि ती पावसाने निथळत असतात. ओले पान लहर शोषते. मे महिन्यात नव्वद पाकिटे जाणारी वाट जुलैत पन्नासवर आली तर नवल नाही. आणि गरज जुलैतच असते.

म्हणून मे महिन्यातल्या चाचणीवर विसंबू नये. उन्हाळ्यात उभारणी करावी, पण शेजार पक्का करावा तो पहिल्या मोठ्या पावसानंतर. आलापल्लीच्या बाजूचा साग उंच आहे. दहा मीटरचा खांब त्याच्या शेंड्यांच्या खालीच राहतो, म्हणजे क्षितिजाचे वरचे आकडे तिथे लागूच पडत नाहीत. अँटेना झाडांच्या वर काढावी, नाहीतर शेतातली मोकळी जागा किंवा टेकडी शोधावी. राखीव जंगलात झाडावर काही बांधायचे तर वनखात्याला विचारल्याशिवाय बांधू नये.

टेकडीचा नोड घेतला की आणखी एक गोष्ट घडते. टेकडीच्या दोन बाजूंची दोन गावे टेकडीला ऐकतात, पण एकमेकांना ऐकत नाहीत. हवा मोकळी आहे असे समजून दोघेही एकाच क्षणी पाठवतात आणि टेकडीवर दोन्ही पाकिटे आदळतात. दोन खोल्यांतल्या दोन मुलांनी स्वयंपाकघरातल्या आईला एकदमच हाक मारावी, तसे. त्यावर उपाय म्हणजे पाकिटे लहान ठेवावीत, पुन्हा पाठवण्याची घाई करू नये आणि नोडा-नोडांतली वाहतूक गावांच्या वाहतुकीपासून वेगळ्या लहरीवर न्यावी.

बांबू, तार आणि बॅटरी

अँटेना विकतच घ्यायला हवी असे नाही. या लहरीची लांबी दोन मीटरच्या आसपास, तिचा पाव भाग म्हणजे अर्ध्या मीटरला थोडी कमी अशी एक उभी काडी आणि खाली तिरक्या चार काड्या. झाली अँटेना. खांबाला आपल्याकडे बांबू आहेच. तो वाळलेला घ्यावा, बुंध्याला डांबर लावावे आणि दर दोन पावसाळ्यांनी बदलावा. खरी चोरी होते ती केबलमध्ये. पातळ, स्वस्त केबल तीस मीटर लांब घेतली तर दहा वॉटपैकी अडीच वॉटच वर पोचतात. एक वेळ संच साधा घ्यावा, पण केबल जाड आणि आखूड घ्यावी. जोडावर पाणी शिरू देऊ नये.

बॅटरीचा हिशेब कागदावर करावा. नुसते ऐकत बसलेला संच ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे दिवसाला जवळजवळ १० अँपिअर-तास. छोटा संगणकही तेवढेच. बोलताना २५ वॉटचा संच सहा अँपिअर घेतो. दिवसात एकूण एक तास बोलला तर सहा. बेरीज २५-२६. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्याखाली नेऊ नये, म्हणजे हाताशी ५०. ढगाळ हवेत सौर पट्टी फारसे देत नाही, तेव्हा हा नोड दोन दिवस चालेल. संगणकाऐवजी नगण्य वीज खाणारा साधा दुभाषा डबा लावला आणि शक्ती दहा वॉटवर आणली तर तोच नोड साडेतीन दिवस चालतो. पुरात हा दीड दिवस फार मोलाचा असतो. टेकडीवर म्हणूनच संगणक नको, साधा डबा बरा.

विजेची धास्ती घ्यावी. जूनच्या तोंडाशी विदर्भात होणारा कडकडाट सर्वांना ठाऊक आहे. खांबाला भूसंपर्कन हवेच. घरातला संच वापरात नसताना केबल काढून खिडकीबाहेर ठेवावी.

परवाना आणि पथ्ये

हे खेळणे परवान्याशिवाय चालवता येत नाही. दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन व समन्वय शाखा परीक्षा घेते. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्याला ती देता येते. विषय रेडिओची प्राथमिक माहिती आणि नियम. परवान्यासोबत 'व्हीयू'ने सुरू होणारे चिन्ह मिळते. माणसाविना चालणाऱ्या टेकडीवरच्या नोडसाठी वेगळी परवानगी घ्यावी. आपला भाग संवेदनशील आहे. खांब उभारण्यापूर्वी पोलीस ठाण्याला लेखी कळवावे आणि परवान्याची प्रत संचाजवळ ठेवावी. गावात ग्रामसभेत विषय मांडावा. मेंढा-लेखासारख्या गावांनी सगळ्यांना विचारून निर्णय घेण्याची रीत दाखवून दिली आहे. ज्या खांबाची माहिती सगळ्या गावाला असते, त्याची राखणही गाव करते.

हौशी रेडिओवर धंद्याचे बोलता येत नाही आणि गुप्त भाषा वापरता येत नाही. एरवी परक्याचे निरोप पोचवण्याचे हे साधन नाही. आपत्तीच्या वेळी मात्र मदतीचे संदेश नेण्याची मुभा आहे, आणि तेव्हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाशी आधीच ओळख असलेली बरी. हवेतले पाकीट कोणीही वाचू शकतो, हे विसरू नये. रुग्णाचे नाव कधी पाठवू नये. वय, त्रास, गाव आणि काय हवे एवढे पुरते.

परवान्याशिवाय चालणारी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झची छोटी यंत्रे आता मिळतात. ठरावीक शक्तीच्या आत ती कोणालाही वापरता येतात आणि एका गावात पाड्यापाड्यांना जोडायला ती चांगली आहेत. मात्र लहर जितकी आखूड तितकी ओली पाने तिला जास्त अडवतात. शेजाऱ्याची कसोटी त्यांनाही तीच.

आधी ओळख, मग आपत्ती

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा हौशी रेडिओचालक मराठवाड्यात निरोप पोचवायला गेले होते. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद यांचे पथक रेडिओच्या कामासाठी आधीच अंदमानात पोर्ट ब्लेअरला होते. संच जोडलेले होते, अँटेना उभी होती, माणसे लहरीवर होती. म्हणूनच बेटांवरच्या लोकांचा ठावठिकाणा मुख्य भूमीला कळवता आला. संकट आल्यावर खोके फोडून सुरुवात करायची असती तर किती वेळ गेला असता?

पॅकेटच्या वाटेवर महाराष्ट्राचेही एक पाऊल आहे. पुण्याच्या सीओईपी अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी किलोभर वजनाचा 'स्वयम्' उपग्रह बनवला. २२ जून २०१६ रोजी 'पीएसएलव्ही-सी३४'ने तो श्रीहरिकोट्याहून वर गेला. एका ठिकाणचा निरोप घ्यायचा, जपायचा आणि दुसऱ्या ठिकाणावरून जाताना द्यायचा, ही त्यामागची कल्पना. तोही एक हरकाराच. पण असा उपग्रह एका गावावरून जाताना दहा-बारा मिनिटेच दिसतो. उरलेला दिवस आपल्या टेकडीवरच काढायचा असतो.

म्हणून ज्यांना हे करावेसे वाटते त्यांनी सगळा जिल्हा जोडण्याचे स्वप्न बाजूला ठेवावे आणि दोन घरांपासून सुरुवात करावी. एक नाल्याच्या अलीकडे, एक पलीकडे. एकाने परवाना काढावा, दुसऱ्यालाही काढायला लावावा. रोजच्या वेळा ठरवाव्यात, सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा. काही निरोप नसला तरी 'पाऊस नाही, सर्व ठीक' एवढे पाकीट पाठवावे आणि त्याची पावती वहीत लिहावी. वर्षभर लिहिलेली ही वही कुठल्याही नकाशापेक्षा खरी असते. कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी वाट चालते आणि कधी बुडते, ते तिच्यात असते. मग तिसरे घर शोधावे. शाळेचे, आरोग्य उपकेंद्राचे, आश्रमशाळेचे.

आणि रोज आठ वाजता ज्याचे पाकीट येते त्याचे एका सकाळी आले नाही, तर तोही एक निरोप असतो. शेजारी गप्प का, हे विचारायला कोणीतरी उठते. पुराच्या दिवसांत एवढ्यानेही एखादा जीव वाचतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)